तीन रीडिंग्ज जुळत का नाहीत? आम्ल-आम्लारी अनुमापनातील हाताचे काम

कागल परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने विचारले आहे : "बारावीच्या बॅचला ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचे अनुमापन दिले होते. द्रावणे एकाच बाटलीतली, सर्वांची पिपेट (ठरावीक आकारमान उचलणारी काचनळी) १० मिलीची, रंगबदल दाखवणारा दर्शक फिनॉल्फ्थॅलीन. तरीही वीस मुलांची रीडिंग्ज ९.४ पासून ११.१ मिलीपर्यंत पसरली. काहींचा गुलाबी रंग मिनिटभरात उडून गेला. शेवटी मुलांनी एकमेकांच्या वह्या पाहून १०.२ लिहिले. चूक कुठे शोधायची आणि मुलांना शिकवायचे कसे?"

मॅडम, तुमच्या प्रश्नातील शेवटून दुसरी गोष्ट, म्हणजे मुलांनी वह्या पाहून १०.२ लिहिले ही, मला सर्वांत जास्त टोचली. तिच्याकडे मी नंतर येतो. कोल्हापुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मी एकतीस वर्षे काढली आहेत आणि त्या अनुभवावरून एवढे खात्रीने सांगतो, की वीस मुलांची रीडिंग्ज पसरतात तेव्हा चूक कुठे झाली याचा पत्ता त्या आकड्यांतच असतो. ९.४ आणि ११.१ लिहिणारी मुले निष्काळजी आहेत असे धरून पुढे गेलो, तर तो पत्ता हातचा जातो.

अनुमापन म्हणजे शंकूपात्रात घेतलेल्या आम्लाच्या मोलची, म्हणजे त्यातल्या रेणूंच्या संख्येची, मोजदाद. ती ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या आणि खाली तोटी असलेल्या उभ्या काचनळीतून पडणाऱ्या, ज्ञात किंवा शोधायच्या तीव्रतेच्या आम्लारीच्या (इथे सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाने करायची असते. म्हणून प्रयोगातील प्रत्येक हालचालीआधी मुलाने स्वतःला विचारायला हवे : माझ्या या कृतीने शंकूपात्रातले आम्लाचे मोल बदलतात का, किंवा ब्युरेटमधील आम्लारीची तीव्रता बदलते का? दोन्ही बदलत नसतील तर ती कृती निर्धास्तपणे करावी. दोहोंपैकी एक जरी बदलत असेल तर ती टाळावी किंवा मोजून करावी. पाठ करून घेतलेल्या दहा सूचना परीक्षेच्या दिवशी विसरल्या जातात, पण हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की सूचना आपोआप सुचतात.

सर्वांत जास्त गोंधळ धुण्याचा होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने ती धुवून, म्हणजे पाच-सहा मिली द्रावण आत फिरवून टोकातून सोडून द्यायचे, आणि हे दोनदा करायचे. पिपेटही ज्या द्रावणात बुडवायची त्याच्याच थोड्या भागाने धुवायची. शंकूपात्र मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचे आणि ते ओले राहिले तरी चालते. मुलांना हा भेद अन्यायाचा वाटतो : दोन भांडी द्रावणाने आणि तिसरे पाण्याने का? उत्तर वरच्या प्रश्नात आहे. शंकूपात्र ऑक्झॅलिक आम्लाने धुतले आणि भिंतीला ०.३ मिली आम्ल चिकटून राहिले, तर पिपेटच्या १० मिलीऐवजी पात्रात १०.३ मिली आम्ल असते आणि रीडिंग तीन टक्क्यांनी, म्हणजे १० चे १०.३, असे फुगते. त्याच पात्रात पाण्याचे वीस थेंब राहिले असते तरी मोल तेवढेच राहिले असते. ब्युरेटच्या बाबतीत नेमके उलट आहे. आत ५० मिलीमागे एक मिली पाणी राहिले तर आम्लारी दोन टक्क्यांनी पातळ होते आणि रीडिंग वर जाते. याची खूणही ओळखता येते : पहिले रीडिंग सर्वांत मोठे येते आणि प्रत्येक वेळी ब्युरेट नव्याने भरली की पुढची रीडिंग्ज कमी होत जातात. एखाद्याच्या वहीत १०.७, १०.४, १०.३ अशी उतरण दिसली, तर त्याला आधी विचारा, "बाळा, ब्युरेट कशाने धुतलीस?"

आता तुमच्या "एकाच बाटलीतली द्रावणे" या वाक्याकडे येतो. बाटली एक असली म्हणून आतले द्रावण सगळीकडे सारखे असते असे नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या मोठ्या बाटलीत टाकून पाणी भरले आणि बाटली दोनदा हलवून ठेवली, तर तळाशी जड, तीव्र थर राहतो आणि वर पातळ द्रावण राहते. खाली तोटी असलेल्या बाटलीतून मुले भरून घेतात तेव्हा पहिल्या मुलांना तीव्र आणि शेवटच्या मुलांना पातळ आम्लारी मिळते. पहिल्यांचे रीडिंग कमी येते, शेवटच्यांचे जास्त. तुमच्या बॅचमध्ये ९.४ कोणाचे आणि ११.१ कोणाचे, ती मुले रांगेत कितवी होती, हे एकदा पाहा. मी स्वतः हा प्रकार दोनदा अनुभवला आहे आणि दोन्ही वेळा आधी मुलांनाच रागावलो, याचे मला आजही वाईट वाटते. उपाय साधा आहे. गोळ्या चंचुपात्रात थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवाव्यात, द्रावण गार होऊ द्यावे, मग बाटलीत ओतून पाणी भरावे, आणि झाकण लावून बाटली वीस वेळा खाली-वर उलटसुलट करावी. त्यानंतर वरून आणि तोटीतून एकेक अनुमापन करून पाहावे. दोन्ही जुळली की मगच बाटली मुलांच्या हाती द्यावी.

सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून अचूक द्रावण बनवता येत नाही, हे मुलांना सांगताना आपल्या हवेचा दाखला द्या. आषाढात गगनबावड्याकडून पाऊस उतरत असताना तराजूवर ठेवलेल्या गोळ्या पाहता पाहता ओलसर होऊन घड्याळकाचेला चिकटतात. त्या पाण्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात आणि काही भागाचे सोडियम कार्बोनेट होते. १ लिटर ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणासाठी ४ ग्रॅम हा हिशेब म्हणूनच केवळ अंदाजाचा असतो. खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लानेच ठरवायची, कारण त्याचे दोन रेणू पाणी बांधलेले स्फटिक शुद्ध मिळतात आणि हवेत टिकतात. त्याचे मोल-वजन १२६ आहे; २५० मिली ०.०५ मोलर द्रावणाला १.५७५ ग्रॅम लागते. हे स्फटिक "वाळवून" घेण्याच्या भरात कोणी ओव्हनमध्ये ठेवू नयेत, कारण तापवले की त्यांतले पाणी उडून जाते, वजन आणि मोल यांचा मेळ बसत नाही आणि मग सगळा वर्ग एकाच दिशेने चुकतो.

कार्बोनेटची गोष्ट थोडी खोलात जाऊन सांगतो, कारण तिच्यामुळे जुन्या द्रावणाची रीडिंग्ज दिवसागणिक वाढत जातात. दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइडपासून एक मोल कार्बोनेट होतो. फिनॉल्फ्थॅलीन वापरले की कार्बोनेटची मोजदाद बायकार्बोनेटपर्यंतच होते, म्हणजे मूळच्या दोन मोल आम्लारीपैकी एकाच मोलची क्षमता शिल्लक राहते. त्यामुळे तेवढेच आम्ल उदासीन करायला अधिक द्रावण लागते. म्हणून आम्लारीचे द्रावण प्रयोगाच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी बनवावे, त्यासाठी पाणी पाच-दहा मिनिटे उकळून झाकून गार करावे, आणि ते प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्ट झाकणाने ठेवावे. काचेचे बूच आम्लारीच्या बाटलीत जाम बसते, त्यासाठी रबरी बूच बरे.

पाण्याबद्दल एक इशारा. शिरोळ-हातकणंगले भागातल्या बऱ्याच शाळांत बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते खारट-जड असते. ऊर्ध्वपातित पाणी संपले म्हणून एखाद्या साहाय्यकाने ऑक्झॅलिक आम्ल त्या पाण्यात बनवले, तर द्रावण किंचित धुरकट होते. ते कॅल्शियम ऑक्झॅलेट असते. पाण्यातील कॅल्शियम आणि आम्लातील ऑक्झॅलेट एकत्र येऊन न विरघळणारा पदार्थ तयार होतो. शिवाय पाण्यातील बायकार्बोनेट आम्लाचा काही भाग खाऊन टाकते. समजा, पाण्यात लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल किंवा आम्लारीची क्षमता मोजण्याचे एकक) बायकार्बोनेट आहे. तर १०० मिली द्रावणातील १० मिलिइक्विव्हॅलंट आम्लापैकी ०.६ आधीच संपलेले असते, म्हणजे सहा टक्के चूक. तुमच्या बाटलीतले आम्ल उजेडात धरून पाहा. ते स्वच्छ नसेल तर पुढचे सगळे हातकौशल्य वाया जाणार.

पिपेटबाबत थोडक्यात. रबरी फुगा वापरायचा, तोंडाने ओढायचे नाही. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे आणि आम्लारी तोंड भाजते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या तोंडात सोडियम हायड्रॉक्साइड गेले, त्याच्या ओठांची आतली कातडी निघाली आणि चार दिवस त्याला जेवता आले नाही. तेव्हापासून माझ्या बॅचमध्ये तोंडाने पिपेट ओढली गेली नाही. वर्तुळाकार खुणेवर द्रावणाचा खालचा वाक टेकवायचा, पिपेटचे टोक शंकूपात्राच्या आतल्या भिंतीला लावून द्रावण आपल्या वेगाने उतरू द्यायचे, थोडे थांबायचे आणि टोकात उरलेला शेवटचा थेंब तसाच ठेवायचा. त्यावर फुंकर मारायची नाही. तो थेंब तिथे राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते, त्यामुळे फुंकर मारणाऱ्याचे प्रत्येक रीडिंग थोडे जास्त येते. आपण अधिक आम्ल घेतले हे त्याला कळतही नाही.

ब्युरेट भरताना नरसाळे वापरून झाल्यावर ते काढून ठेवलेच पाहिजे. ते वरच राहिले तर मधूनच त्यातला थेंब आत पडतो, पातळी वर चढते आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी दिसते. टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा याच्या उलट काम करतो : तो मध्येच निसटला की त्याची जागा द्रावण घेते, ते शंकूपात्रात गेलेले नसते, पण रीडिंगमध्ये मोजले जाते. स्टॉपकॉक, म्हणजे ब्युरेटची तोटी, पूर्ण उघडून क्षणभर जोरात सोडला की बुडबुडा निघून जातो. रबरी नळी आणि पिंचकॉकची (नळी दाबून धरणाऱ्या चिमट्याची) ब्युरेट असेल तर नळी वर वाकवून टोक आकाशाकडे करायचे आणि नळी दाबायची. ही पिंचकॉकची ब्युरेट कार्ल फ्रिडरिक मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १८५५ मध्ये त्याचा अनुमापनावरचा ग्रंथ निघाला आणि आपली मुले ज्याला मोर सॉल्ट म्हणतात ते मीठही त्याच्याच नावाचे. आम्लारीसाठी रबरी नळीची ब्युरेट मला काचेच्या स्टॉपकॉकपेक्षा आवडते, कारण ती जाम होत नाही. पोटॅशियम परमँगनेट मात्र तिच्यात घालू नये, ते रबर खाते.

वाचताना होणाऱ्या चुकीचे एक कारण आपल्या प्रयोगशाळांच्या रचनेतच आहे. ओटा तीन फूट उंच, त्यावर स्टँड, शंकूपात्रासाठी खाली सोडलेली जागा आणि वर पन्नास मिलीची लांब ब्युरेट. यामुळे शून्याची खूण जमिनीपासून साडेपाच फुटांच्याही वर जाते. पाच फूट उंचीची मुलगी तिच्याकडे मान वर करून पाहते. खालून वर पाहिले की नजरेची रेषा समोरच्या काचेवरची खूण पातळीपेक्षा खाली छेदते. द्रावण शून्यावर आहे असे तिला वाटते तेव्हा ते प्रत्यक्षात शून्याच्या वर असते. शेवटचे रीडिंग मात्र डोळ्यांच्या पातळीजवळ येते आणि बरोबर वाचले जाते. म्हणजे तिने जेवढे द्रावण सोडले त्यापेक्षा कमी नोंदवले. अशा मुलांसाठी क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घेऊन वाचायला सांगा, किंवा एक लाकडी स्टूल ठेवा. आणि सुरुवात शून्यापासूनच हवी हा आग्रह सोडा. ०.६ पासून सुरू करून १०.८ वर थांबले तरी उत्तर १०.२ च येते, आणि शून्यावर आणण्याच्या खटपटीत सांडणारे द्रावण वाचते.

खालचा वाक नेमका कुठे टेकला आहे हे दिसण्यासाठी मी मुलांना पोस्टकार्डाच्या तुकड्यावर काळ्या शाईने जाड पट्टी काढायला लावतो. पट्टीची वरची कड पातळीच्या जरा खाली धरली की वाक काळा होऊन काचेवर उठून दिसतो. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असतात, पण दोन खुणांच्या मधोमध असेल तर ०.०५ पर्यंत अंदाज करता येतो, आणि एका थेंबाचे आकारमानही साधारण तेवढेच असते. फार वेगाने सोडले असेल तर अर्धा मिनिट थांबून वाचावे, कारण भिंतीवरचा द्रावणाचा पापुद्रा सावकाश खाली उतरत असतो.

आता मुख्य भाग, अंत्यबिंदू, म्हणजे दर्शकाचा रंग बदलतो आणि थांबायचे असते ती जागा. सोबत कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मुलांसमोर करा, कारण थेंबाची किंमत त्याशिवाय कळत नाही. १० मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत आहोत असे धरा. ९.९५ मिली झाले, म्हणजे एक थेंब बाकी आहे, तेव्हा सामू, म्हणजेच पीएच, सुमारे ३.६ असतो. एक थेंब जास्त झाला, म्हणजे १०.०५ मिली, की तो १०.४ होतो. दोन थेंबांत जवळपास सात एकक! ऑक्झॅलिक आम्लाच्या दुसऱ्या टप्प्यात आम्लता क्षीण असल्यामुळे ही उडी लहान आहे : ९.९५ ला सामू ६.३ आणि १०.०५ ला १०.४. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ते १० च्या दरम्यान रंग बदलते, म्हणून ते या उडीच्या पोटात बरोबर बसते. मेथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या दरम्यान बदलते. ते इथे घातले तर साडेसात-आठ मिलीच्या आसपास हळूहळू पिवळे होत जाईल आणि मुलाला अंत्यबिंदू सापडणारच नाही. दर्शकाची निवड ही पाठांतराची बाब नाही, ती या उडीवरून ठरते, हे या दोन आकड्यांमुळे मुलांना पटते.

या हिशेबाचा पुढचा निष्कर्ष हातासाठी आहे. पहिले रीडिंग पायलट : एक-एक मिली सोडत रंग कुठल्या दोन खुणांमध्ये बदलतो तेवढे पाहायचे. समजा, तो १० आणि ११ च्या दरम्यान बदलला. दुसऱ्या वेळी ९.५ पर्यंत सलग सोडायचे आणि तिथून थेंब थेंब. डावा हात स्टॉपकॉकवर, बोटे ब्युरेटच्या मागून पुढे आलेली, आणि उजव्या हाताने शंकूपात्र गोल फिरवत राहायचे. आडवेतिडवे हिसके दिले की द्रावण उडून मानेला चिकटते. पांढरी टाइल खाली ठेवायची, नसेल तर वहीचा कोरा कागद. थेंब पडतो त्या जागी गुलाबी ठिपका दिसतो आणि फिरवले की विरतो. सुरुवातीला तो क्षणात विरतो, नंतर रेंगाळतो, आणि रेंगाळू लागला की समजायचे, दोन-तीन थेंबांवर आलो आहोत. इथे हाताचा वेग मरायला हवा. अर्धा थेंब टोकावर लोंबकळू द्यायचा, टोक पात्राच्या आतल्या भिंतीला टेकवायचे आणि वॉश बॉटलच्या बारीक धारेने तो खाली ढकलायचा. पाणी वाढले, मोल वाढले नाहीत. पहिला प्रश्न इथेही लागू पडतो.

रंग किती गुलाबी हवा? इतका फिकट, की टाइलवर धरल्यावर दिसावा आणि हातात उचलून खिडकीकडे धरल्यावर आहे की नाही असा संशय यावा. मुले जास्वंदीच्या पाकळीसारखा गडद रंग आणतात आणि तो "छान आला" म्हणून दाखवायला येतात. त्या रंगापर्यंत पोहोचेपर्यंत चार-सहा थेंब जास्त गेलेले असतात. फिनॉल्फ्थॅलीनचे दोनच थेंब पुरतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये बनवलेले असते, आणि जास्त घातले तर द्रावण गढूळ होते. प्रत्येक अनुमापनाला थेंबांची संख्या तीच ठेवायची.

तुमच्या मुलांचा गुलाबी रंग मिनिटभरात उडाला, ही चूक नव्हती. अर्धा मिनिट टिकला की अंत्यबिंदू झाला असे धरायचे असते. नंतर तो उडतो कारण फिरवताना द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, आणि पात्रावर वाकून पाहणाऱ्या मुलाचा श्वासही त्यात भर घालतो. रंग गेला म्हणून ज्यांनी आणखी थेंब घातले, त्यांची रीडिंग्ज ११ च्या दिशेने सरकली असणार. हे त्यांना सांगितले नव्हते तर दोष त्यांचा नाही. मात्र पाच-दहा सेकंदांत रंग गेला, तर अंत्यबिंदू आलेलाच नाही. तिथे आणखी अर्धा थेंब घालायलाच हवा. घड्याळ पाहून अर्धा मिनिट मोजण्याची सवय लावा.

आमच्या भागातला एक दाखला मुलांना लगेच कळतो. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या रसात चुन्याची निवळी घालतो. उसाचा रस आंबट असतो आणि चुना ती आंबटपणाची बाजू कमी करतो. चुना कमी पडला तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाला तर काळवंडतो. गुळव्याकडे ब्युरेट नसते, त्याचे डोळे आणि हात असतात. पण आम्लाला पुरेशी आम्लारी, न कमी न जास्त, हे काम तेच आहे. माझ्या वर्गात नेहमी चार-पाच मुले गुऱ्हाळावर वाढलेली असतात आणि हा दाखला दिला की ती आपणहून पुढे येऊन बोलू लागतात.

दुसरा दाखला दुधाचा, आणि तो आकड्यांचा आहे. दूध संकलन केंद्रावर दुधाची आम्लता पाहण्यासाठी १० मिली दुधात फिनॉल्फ्थॅलीन घालून ०.१ नॉर्मल (इथे ०.१ मोलरइतकेच) सोडियम हायड्रॉक्साइड सोडतात. १ मिली अशा आम्लारीमागे ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल धरतात. ताज्या गाईच्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते, म्हणजे १० मिली दुधाला जेमतेम दीड मिली आम्लारी लागते. तिथे ०.१ मिलीची चूक म्हणजे सहा-सात टक्के झाले, आणि दूध स्वीकारायचे की परत पाठवायचे हे त्यावर ठरते. "सर, एका थेंबाने काय होतं?" असे विचारणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा दोन म्हशी असतात, त्याला हा हिशेब स्वतः करू द्या.

रंग न दिसणाऱ्या मुलांबद्दलही सांगायला हवे. एका वर्षी माझ्या बॅचमध्ये एक हुशार, शांत मुलगा होता. मेथिल ऑरेंजच्या अनुमापनात त्याची रीडिंग्ज आपसांत जुळत, पण वर्गापेक्षा सतत ०.४ मिलीने जास्त येत. त्याचे हात मी तीनदा पाहिले, चूक दिसेना. शेवटी मी त्याच्यासमोर लाल आणि पिवळी अशी दोन पात्रे ठेवून "कुठला रंग?" विचारले. तो बराच वेळ पाहत राहिला, मग हळू आवाजात म्हणाला, "सर, दोन्ही सारखीच दिसतात, एक थोडी गडद." लाल-हिरव्या रंगांचा भेद न कळणारी दृष्टी होती त्याची, आणि बारावीपर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते. पुढे त्याला मी रंगहीन ते गुलाबी असा बदल, म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनचे अनुमापन, आणि शेजारी तुलनेसाठी ठेवलेले अनुमापनाआधीचे पात्र, असे दिले. तुमच्या बॅचमध्ये एकाच दिशेने सतत चुकणारे मूल असेल तर आधी त्याचे डोळे तपासा.

आणि आता ती १०.२ ची गोष्ट. माझ्या पाहण्यात एका ठिकाणी परीक्षेच्या आधीच "सीबीआर", म्हणजे सर्वांचे यायला हवे ते स्थिर ब्युरेट रीडिंग, फळ्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलेला असे. मुलांनी पायलट घ्यायचा, मग तीन ओळींत एकच आकडा लिहायचा. त्या मुलांना पुढे प्रयोगशाळेत नोकरी मिळाली तर त्यांच्या हातून तपासलेल्या दुधावर, पाण्यावर, औषधावर लोक विश्वास ठेवणार आहेत. मला हे सहन होत नाही आणि मी ते कधी लपवले नाही. उपाय आपल्या हातात आहे. आम्लाच्या चार बाटल्या चार वेगळ्या तीव्रतेच्या बनवा, त्यांवर केवळ अ, ब, क, ड लिहा, आणि शेजारच्या मुलांना वेगळ्या बाटल्या द्या. रीडिंग घेताक्षणी ते शाईने जर्नलमध्येच लिहायचे, कच्च्या कागदावर नाही. चुकीचे वाटले तर खोडायचे नाही, एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचे. १०.३, १०.६, १०.३ असे लिहून "दुसऱ्या वेळी रंग गडद झाला" असा शेरा देणाऱ्याला मी १०.२, १०.२, १०.२ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण देतो, आणि हे पहिल्याच तासाला जाहीर करतो. ०.१ मिलीच्या आत किमान दोन रीडिंग्ज जुळली की तो स्थिर आकडा धरायचा. जुळली नाहीत तर चौथे घ्यायचे, वेळ कमी पडला तर पुढच्या तासाला.

गणिताबद्दल फार लिहीत नाही, ते मुलांना येते. एकच ठिकाण नेहमी अडते : एक मोल ऑक्झॅलिक आम्ल दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइड घेते, म्हणून ०.०५ मोलर आम्ल आणि ०.१ मोलर आम्लारी सारख्या आकारमानात जुळतात. जो हे दोन विसरतो त्याचे उत्तर निम्मे किंवा दुप्पट येते, आणि ते पाहताच ओळखता येते.

तुमच्या पुढच्या तासासाठी मी असे करीन. आदल्या संध्याकाळी आम्लारी बनवून, ढवळून, वरून आणि खालून तपासून ठेवीन. तासाला पहिली पंधरा मिनिटे एकही अनुमापन नाही : केवळ ब्युरेट धुणे, बुडबुडा काढणे, थेंब आणि अर्धा थेंब पाण्याने सोडणे, आणि पोस्टकार्डाची पट्टी धरून पाच ठरावीक पातळ्या वाचणे. मी आधी वाचून ठेवलेल्या पातळ्यांशी प्रत्येकाचे आकडे पडताळून पाहीन. त्यानंतर अनुमापन. वीस मुलांच्या रीडिंग्जचा पसारा या एका तासात निम्म्याहून कमी झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

तास संपताना ब्युरेट तशीच स्टँडला ठेवून जाऊ देऊ नका. आम्लारी राहिलेल्या काचेच्या स्टॉपकॉकला रात्रीत पांढरा थर धरतो आणि सकाळी तो फिरत नाही. जोर लावला तर ब्युरेटची मान तुटते. उरलेले द्रावण सोडून द्यायचे, एकदा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग तीनदा पाण्याने ब्युरेट धुवायची, स्टॉपकॉक काढून पुसायचा, त्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस भोकाच्या दोन्ही बाजूंना लावायचे, भोकात जाऊ द्यायचे नाही. मग ब्युरेट उलटी, स्टॉपकॉक उघडा ठेवून, क्लॅम्पमध्ये अडकवायची आणि खाली फडके पसरायचे.